बँकॉक एका दिवसात, दोघांत: नदी, ऊन आणि टीटीएमएम

बँकॉकसाठी एकच पूर्ण दिवस हाताशी असला की माणूस यादी करायला बसतो: राजवाडा, झोपलेला बुद्ध, वाट अरुण (थाईत ‘वाट’ म्हणजे मंदिर), तरंगता बाजार, चातुचाक, एखादा मॉल, रात्री रूफटॉप. मग सोबतच्या मित्राची यादी येते. दोन्ही एकत्र करून जो दिवस तयार होतो त्यातले तीन-चार तास टॅक्सीच्या काचेतून पुढच्या गाडीचे दिवे बघण्यात जातात. माझं म्हणणं असं की या शहरात दिवसाची आखणी यादीवरून करूच नका, नदीवरून आणि उन्हावरून करा. चाओ फ्राया नदीचा एकच पट्टा घ्या, वर था चांगच्या धक्क्यापासून खाली याओवारातच्या चायनाटाउनपर्यंत. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर, पण पाहण्यासारखं इतकं आहे की दिवस पुरत नाही.

म्हणजे काही गोष्टींवर आधीच फुली मारायची. दाम्नोएन सादुआकचा प्रसिद्ध तरंगता बाजार शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, त्याच्यासाठी अर्धा दिवस जातो. चातुचाकचा बाजार खरा भरतो तो शनिवार-रविवारी, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. मॉल आपल्याकडेही आहेत.

आदल्या रात्री बोलून घ्यायचं

मैत्री कितीही जुनी असली तरी परक्या शहरात, छत्तीस डिग्री उन्हात, भुकेल्या पोटी ती ताणली जाते. त्यामुळे काही गोष्टी हॉटेलच्या खोलीतच ठरवा.

पहिली गोष्ट पैसे. सगळंच टीटीएमएम करायला गेलात तर दर धक्क्यावर सोळा-सोळा बाथची चिल्लर मोजत बसाल. दोघांनी सारखी रक्कम काढून एक सामाईक पाकीट करायचं. तिकिटं, बोट, मेट्रो, पाणी आणि एकत्र जेवण त्यातून. मसाज, खरेदी, बिअर हे ज्याचं त्यानं. हिशेब साधारण असा बसतो: राजवाडा ५०० बाथ, झोपलेल्या बुद्धाचं वाट फो ३००, वाट अरुण २००, म्हणजे तिकिटांचेच माणशी हजार. प्रवासाला शंभर-दीडशे, खाण्यापिण्याला चारशे-पाचशे. बाथचा भाव अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान फिरत असतो, तेव्हा मसाज धरून माणशी साडेपाच-सहा हजार रुपये मनात ठेवा. एटीएममधून पैसे काढलेत तर परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त आकार लागतो. काढायचेच तर दोघांचे मिळून एकदाच काढा.

दुसरी गोष्ट फोन. एकाचं सिम आणि दुसरा हॉटस्पॉटवर, ही काटकसर राजवाड्याच्या गर्दीत महागात पडते. चुकामूक झाली की हॉटस्पॉटवाला अधांतरी. दोघांनाही स्वतंत्र सिम हवं.

तिसरी गोष्ट स्वभाव. जोडीतला एक बहुधा फोटोवाला असतो आणि दुसरा पाट्या वाचणारा. माझा मित्र दुसऱ्या जातीचा: तिकिटाच्या मागचा मजकूरही वाचतो. अशा दोघांनी दिवसभर एकमेकांना चिकटून राहायची काहीच गरज नाही. प्रत्येक ठिकाणी आत शिरताना बाहेर पडायची वेळ आणि सावलीतली एक जागा ठरवा, मग ज्याला जे बघायचं ते बघू दे.

कपडे मात्र दोघांनीही सारख्याच गांभीर्याने घ्यायचे. राजवाड्यात आणि मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाह्या नसलेला टॉप, हाफ पँट, फाटकी जीन्स, पारदर्शक कापड चालत नाही, आणि खांद्यावर नुसती ओढणी टाकून भागेल अशी आशा धरू नका. सुती कुर्ता आणि सैल पँट हा आपला नेहमीचा वेश तिथे उत्तम. चपला पटकन काढता-घालता येतील अशा. दिवसभरात त्या बऱ्याचदा काढाव्या लागतात, आणि दुपारी तापलेल्या फरशीवर मोजे कामी येतात.

राजघराण्याचा विधी असला की राजवाड्याचा काही भाग बंद असतो. आदल्या रात्री राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर एक नजर टाका. उद्या सकाळी हीच माहिती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून घ्यायची वेळ येऊ नये, त्याचं कारण पुढे येतंच.

सकाळी सात ते अकरा: राजवाडा

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. नुकतेच आला असाल तर सकाळी सात म्हणजे शरीराच्या लेखी साडेपाच. तरीही उठा. दहानंतर राजवाड्यात टूर ग्रुपचे झेंडे आणि ऊन दोन्ही एकदम चढतात.

हॉटेल कुठेही असो, स्कायट्रेनने सफान ताक्सिन स्टेशन गाठा. खाली उतरलं की साथोर्नचा धक्का. तिथे निळ्या झेंड्याची पर्यटक बोट विकणारे आधी भेटतील. तुम्हाला हवी आहे नारिंगी झेंड्याची, जी इथले लोक ऑफिसला जायला वापरतात. कुठेही उतरा, १६ बाथ. साधारण अर्ध्या तासात था चांग. बोट धक्क्याला टेकते ती काही क्षणच. मागे उभा असलेला माणूस शिट्ट्या वाजवून चालकाला इंच-इंच मागेपुढे करायला लावतो, दोर अडकवतो, माणसं उतरतात-चढतात, शिट्टी, निघाली. दोघांपैकी एक पुढे आणि एक मागे फोटो काढत राहिला तर एक बोटीत आणि एक धक्क्यावर अशी गत होईल. उतरायच्या आधीच्या धक्क्यालाच दाराशी येऊन उभे राहा.

था चांगहून राजवाड्याचं फाटक पाच-सात मिनिटांवर. याच वाटेवर तो भेटतो: नीटनेटका शर्ट, गोड इंग्रजी, कधी गळ्यात ओळखपत्र. ‘पॅलेस क्लोज्ड टुडे, बुद्धा डे.’ दुपारी उघडेल म्हणतो, तोवर वीस बाथमध्ये टुकटुकने चार मंदिरं दाखवतो म्हणतो. त्या चार मंदिरांच्या मध्ये एक रत्नांचं दुकान आणि एक शिंप्याचं दुकान असतं, आणि गिऱ्हाईक आणल्याबद्दल चालकाला तिथून मोबदला मिळतो. हा खेळ कित्येक वर्षं जसाच्या तसा चालू आहे. थांबू नका, वाद घालू नका, हसून चालत राहा. फाटक उघडं आहे की बंद हे फाटकावरच कळतं. खरोखर अडचणीत सापडलात तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

फाटक साडेआठला उघडतं आणि तिकीट साडेतीनला बंद होतं. १७८२ मध्ये पहिला राम या थाई राजाने राजधानी नदीच्या पश्चिम तीरावरच्या थोनबुरीहून या तीरावर आणली आणि राजवाडा बांधायला घेतला. आत शिरल्यावर सगळे धावतात ते वाट फ्रा केओकडे, म्हणजे पाचूच्या बुद्धाच्या मंदिराकडे. मूर्ती पाचूची नाही, हिरव्या जेडची आहे, उंची ६६ सेंटिमीटर, आणि इतक्या उंच सिंहासनावर की लांबून मुठीएवढी दिसते. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत, आणि ऋतू पालटला की राजा स्वतः विधिपूर्वक पोशाख बदलतो. आत फोटो काढायला मनाई. बसताना पाय मागे दुमडून बसा, तळवे मूर्तीकडे नकोत.

पण मराठी माणसाने आपला वेळ खर्च करायचा तो बाहेरच्या ओवरीत. मंदिराभोवतीच्या भिंतींवर रामायणाची १७८ चित्रं आहेत, रामकियन या थाई रामायणाची. बहुतेक पर्यटक पाठीला सोन्याचा कळस घेऊन सेल्फी काढतात आणि या भिंतींकडे वळूनही बघत नाहीत, त्यामुळे इथे सावलीही आहे आणि शांतताही. उत्तरेच्या दारापासून सुरुवात करून क्रमाने चालत गेलं तर गोष्ट लागत जाते. राम निळसर-हिरवा, हनुमान शुभ्र पांढरा, रावण हिरवा. त्याचं नाव इथे थोसकान, आपला दशकंठ. सीता ही त्याचीच, जन्मताच सोडून दिलेली मुलगी. मारुती ब्रह्मचारी तर नाहीच, उलट भलताच रसिक आहे. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येशीच त्याचं जुळतं. एका चित्रापाशी जरूर थांबा: पाताळातला मैयराब रामाला पळवून न्यायला येणार म्हणून हनुमान अंग एवढं वाढवतो की रामाचा अख्खा तंबू त्याच्या तोंडात मावतो, आणि तो तसाच जबडा मिटून पहारा देतो. अहिरावण-महिरावणाची गोष्ट आजीकडून ऐकली असेल तर हे चित्र ओळखायला पाटी लागणार नाही. सोन्याचा वर्ख रथांवर आणि मुकुटांवर आहे. कोपऱ्यांतून बघा, तिथे साधी माणसं स्वयंपाक करताना, पोरं सांभाळताना दिसतील.

फोटोवाल्या मित्राला या वेळात यक्षांच्या प्रचंड पुतळ्यांकडे आणि चौथा राम या राजाने करवून घेतलेल्या, कंबोडियातल्या अंकोर वाटच्या प्रतिकृतीकडे सोडून द्या. राजवाड्याच्या इमारती, त्यातली मुख्य खालून युरोपीय आणि वरून थाई छपराची, बाहेर पडण्याच्या वाटेवरच लागतात. तिथे पंधरा मिनिटं पुरेत.

अकरा ते तीन: सावली, पोट आणि पाय

राजवाड्यातून बाहेर पडून भिंतीच्या कडेने दक्षिणेकडे दहा-पंधरा मिनिटं चाललं की वाट फो. झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, आणि इमारत त्याच्या अंगाला इतकी घट्ट बसवलेली आहे की अख्खा बुद्ध एका नजरेत कुठूनच दिसत नाही. चेहऱ्यापाशी गर्दी होते. पुढे पायांकडे जा: तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं कोरली आहेत. मागच्या बाजूने परत येताना भिंतीलगत काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली दिसतील. वीस बाथला वाटीभर नाणी घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एक टाकत जायचं. मोजून टाकायला गेलात तर शेवटी नाणी उरतात किंवा कमी पडतात, पण त्या लांबच लांब दालनात सतत चाललेला टण्‌टण् आवाज दिवसभर कानात राहतो.

थाई मसाजची पारंपरिक शाळा याच मंदिराच्या आवारात आहे, आणि दुपारी बाराच्या उन्हात तिचा एसी हॉल फार मोलाचा. तासाला पाचशे बाथच्या आसपास. नाव नोंदवून नंबर घ्या, वाट बघायला लागली तर तेवढ्यात अंगणातले रंगीत चिनी मातीने मढवलेले स्तूप बघून होतात. आपल्या तेल-मालिशसारखं यात काही नाही. सैल कपडे घालून पडायचं आणि ती बाई कोपराने, गुडघ्याने, प्रसंगी टाचेने तुमच्या घड्या घालते. जोर कमी हवा असेल तर ‘बाव बाव’ म्हणा. एकाला मसाज नकोच असेल तर त्याने सनाम चाय मेट्रो स्टेशनजवळच्या म्युझियम सयाममध्ये जावं. तेही थंडगार आहे, मात्र सोमवारी बंद.

आता जेवण. मांसाहारी असाल तर हा परिच्छेद सोडा, वाट फोजवळच्या था तियन धक्क्याच्या गल्लीत काहीही खा. शाकाहारी मित्र सोबत असेल तर ‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नका. भाजी दिसते भाजीच, पण तिच्यात माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, किंवा ऑयस्टर सॉस असतो, आणि तो घालणाऱ्याच्या लेखी ते मांस नव्हेच. दोन गोष्टी पाठ करा. एक: ‘माय साय नाम प्ला’, माशाचा रस घालू नका. दुसरी: ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरं, लांबून इंग्रजी सतरा लिहिल्यासारखी दिसतात. ती दिसली की तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. जैन मित्राला कंदमुळांचं तेवढं वेगळं विचारावं लागेल. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या नऊ दिवसांत, बहुधा आपल्या नवरात्रातच, याओवारात अशा पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं. तेव्हा गेलात तर शाकाहाऱ्याची चंगळ. एरवी हमखास भारतीय जेवण हवं असेल तर सनाम चायहून मेट्रोने एक स्टेशन पुढे साम योतला उतरून फाहुरातमध्ये जा. तिथे पंजाबी कापडवाल्यांची जुनी पेठ आहे, मोठा गुरुद्वारा आहे आणि आसपास चपाती-भाजी मिळते. बॅगेत खाकरा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवणाऱ्याला मी कधीच हसत नाही.

जेवणानंतर लगेच पुढे पळू नका. अर्धा-पाऊण तास सेव्हन-इलेव्हनमधलं थंड पाणी घेऊन कुठेतरी बूड टेकवा. दिवसभराची भांडणं बहुतेक दोन ते तीनच्या दरम्यान होतात.

ऊन जरा कलल्यावर वाटलं तर पाक ख्लोंगच्या फुलबाजारात डोकावा, वाट फोपासून पायी जाण्याजोगा आहे. झेंडूच्या राशी बघून दादरची आठवण येणारच. फरक हाराच्या कामात आहे: बाई हातभर लांब सुईवर मोगऱ्याच्या न उमललेल्या कळ्या आडव्या, एकाच मापाच्या, चक्राकार ओवत जाते, आणि सुई भरली की सगळी रांग एका झटक्यात दोऱ्यावर उतरवते. शेजारी दुसरी कमळाच्या कळीच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडत असते. विकत काही घेतलं नाही तरी कुणी हटकत नाही, फक्त वाट अडवू नका. हातगाड्या जोरात येतात.

साडेतीन ते सहा: पलीकडचा तीर

था तियनच्या धक्क्यावरून पलीकडे नेणारी होडी पाच बाथला मिळते. वाट अरुण समोरच दिसत असतं. लांबून करडा दिसणारा त्याचा मनोरा जवळ गेलं की फुलांनी भरलेला निघतो, आणि फुलं केलेली आहेत चिनी मातीच्या फुटक्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांची. बोट लावून बघावंसं वाटतं, बघा फक्त. पायऱ्या अतिशय उभ्या आहेत आणि वर ठरावीक टप्प्यापर्यंतच जाऊ देतात. चढताना काही वाटत नाही, उतरताना कठड्याला धरून आडवं उतरा.

इथे थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते. मित्राला तो मोह झाला तर तासभर गेला म्हणून समजा. आधी ठरवलेली वेळ इथे कडक पाळा, कारण पाच-साडेपाचला परत अलीकडच्या तीरावर यायचं आहे. वाट अरुण पश्चिम तीरावर आहे, म्हणजे सूर्य त्याच्या मागे मावळतो. त्याच्या आवारात राहिलात तर तो देखावा मिळत नाही. था तियनकडून मिळतो. नदीकाठच्या कॅफेंच्या गच्चीवरची टेबलं आधीच भरतात आणि दर चढे असतात. धक्क्यावर उभं राहून फुकटातही तेच दिसतं. पावसाळ्यात, मे ते ऑक्टोबर, हा सूर्यास्त नशिबाचा भाग. तेव्हा साडेतीनलाच आभाळ भरलं तर वाट अरुण आधी उरकून मेट्रोचं छप्पर गाठा. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, असतो, तेव्हा ऊन आणि पाण्याच्या पिचकाऱ्या दोन्हींची तयारी ठेवा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

संध्याकाळी सहाला स्टेशनवर किंवा बागेत राष्ट्रगीत लागतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. तुम्हीही उभे राहा. राजघराण्याबद्दल थट्टा-मस्करी तर मराठीतूनही नको. तिथला कायदा त्या बाबतीत कठोर आहे.

रात्र: याओवारात

सनाम चाय स्टेशनात शिरताना खाली उतरल्यावर एकदा वर बघा. खांब आणि छत दरबाराच्या थाटात रंगवलं आहे. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट फाटकावर टेकवून आत जाता येतं, पण त्यावर आंतरराष्ट्रीय टॅप व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करून ठेवा, आणि दोघांना एकच कार्ड चालत नाही. दोन स्टेशनांवर वाट मांगकोन.

बाहेर पडून याओवारातच्या मुख्य रस्त्यावर लगेच बसू नका. आधी एक टोक ते दुसरं टोक चालून या, गाड्यांपुढच्या रांगा बघा, मग ठरवा. दोघे असल्याचा खरा फायदा इथे आहे: एक पदार्थ घ्यायचा आणि अर्धा-अर्धा खायचा, म्हणजे एका पोटात पाच-सहा गोष्टी मावतात. एक रांगेत, दुसरा प्लास्टिकच्या स्टुलांवर जागा धरून. निखाऱ्यावरची कोळंबी, मिरपूडवाल्या रश्शातल्या गुंडाळी शेवया, भाजलेले पाव, डाळिंबाचा लालभडक रस, गरम वाळूत भाजलेले चेस्टनट, आणि आंबा-चिकटभात. हापूसवाल्यांनी नाक मुरडू नये. नारळाच्या खारट-गोड दुधात तो पिवळा आंबा आपल्या जागी बरोबर बसतो. ‘मू’ म्हणजे डुक्कर, ‘नुआ’ म्हणजे गोमांस, ‘गाय’ म्हणजे मात्र कोंबडी. या शेवटच्या शब्दावरून आपल्या लोकांचा गोंधळ ठरलेला. तिखट नको असेल तर ‘माय फेत’. सोमवारी अनेक गाड्या लागत नाहीत. दिवस निवडायची मुभा असेल तर सोमवार टाळा.

वाट त्राइमितची साडेपाच टन सोन्याची बुद्धमूर्ती याच रस्त्याच्या टोकाला आहे, पण दिवेलागणीपर्यंत ते मंदिर बंद झालेलं असतं. चुनागच्चीत दडलेलं तिचं सोनं १९५५ मध्ये मूर्ती हलवताना गिलावा फुटून उघडं पडलं. ती बघायचीच असेल तर वाट अरुण जरा लवकर आटोपून दिवसाउजेडी तिथे पोहोचा आणि सूर्यास्तावर पाणी सोडा. दोन्ही जमत नाही.

परतताना टुकटुकची हौस भागवून घ्या, पण भाडं बसण्याआधी ठरवा. ‘मीटर’ नसलेल्या वाहनात हसतमुखाने निम्म्यापासून सुरुवात करणं तिथेही चालतं. ॲपवरची गाडी मागवत असाल तर याओवारातवर उभं राहून मागवू नका; रात्री नऊ-दहाला तिथे गाडी पोहोचायलाच अर्धा तास लागतो. दोन गल्ल्या मागे, चारोएन क्रुंग रस्त्यावर येऊन मागवा. मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत असते. सामाईक पाकिटात उरलेली नाणी तिथेच गोड काहीतरी घेऊन संपवा. भारतात ती कुणी बदलून देत नाही.